फ्रँकेल: १४ पैकी १४ जिंकलेला घोडा आणि त्याची पुढची पिढी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर नेमाने जाणाऱ्यांत जगातला सर्वांत भारी घोडा कोण यावरून वाद झाला, की एक नाव हटकून निघतं: फ्रँकेल. त्याच्याबद्दल पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. रेसिंगशी फारसा संबंध नसलेल्या वाचकांसाठी काही प्राथमिक गोष्टीही ओघात सांगितल्या आहेत.

फ्रँकेल म्हणजे नेमका कोण?

११ फेब्रुवारी २००८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचा घोडा. २०१० ते २०१२ या तीन हंगामांत तो १४ शर्यती धावला आणि सगळ्या जिंकला. त्यांतल्या १० ग्रुप १ म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या होत्या, आणि शेवटच्या ९ ग्रुप १ तर लागोपाठ. बक्षिसांची एकूण रक्कम २९,९८,३०२ पौंड. रंग कुमाईत, कपाळावर पांढरा ठिपका, चारही पाय खाली पांढरे. आपल्याकडच्या जुन्या घोडेवाल्यांनी पंचकल्याणी म्हणून त्याला लगेच पसंत केलं असतं.

मालक सौदी अरेबियाचे राजपुत्र खालिद अब्दुल्ला, त्यांच्या पैदास संस्थेचं नाव जडमाँट. ट्रेनर हेन्री सेसिल, जॉकी टॉम क्वीली. चौदाही वेळा पाठीवर क्वीलीच होता, हेही आजच्या काळात दुर्मीळच.

हे नाव कुणाचं?

बॉबी फ्रँकेल या अमेरिकी ट्रेनरचं. अब्दुल्ला यांचे अमेरिकेतले घोडे ते तयार करायचे. नोव्हेंबर २००९ मध्ये ते वारले. त्यांच्या स्मरणार्थ नाव द्यायचं तर घोडाही तसाच हवा, म्हणून हाताशी असलेल्या पोरांपैकी सर्वांत होतकरू वाटणाऱ्याला ते दिलं गेलं. निवड चुकली नाही.

आईबाप कोण? घराणं कसं?

बाप गॅलिलिओ: २००१ साली इंग्लिश डर्बी, आयरिश डर्बी आणि किंग जॉर्ज या शर्यती जिंकलेला, आणि पुढे युरोपातला त्याच्या काळचा सर्वांत यशस्वी स्टॅलियन, म्हणजे पैदाशीसाठी ठेवलेला नर. गॅलिलिओची आई अर्बन सी हिने १९९३ मध्ये पॅरिसची आर्क शर्यत जिंकली होती. म्हणजे बापाकडून लांब पल्ल्याचा दम आला.

आई काइंड हिचं काम बरोबर उलटं. ती पाच-सहा फर्लांगांची घोडी, सुटली की सुटली. (एक फर्लांग म्हणजे साधारण २०१ मीटर.) तिचा बाप डेनहिल हा अब्दुल्लांच्याच पागेत जन्मलेला, आणि तिच्या आईचा बाप रेनबो क्वेस्ट हाही अब्दुल्लांचाच घोडा. फ्रँकेलच्या आईच्या बाजूला या माणसाची कित्येक वर्षांची घरची पैदास साठलेली आहे. पैसा ओतून लिलावात घेतलेला घोडा आणि असा पिढ्यान्‌पिढ्या घरात घडवलेला घोडा यांत जाणकार फरक करतात तो यासाठीच.

गॅलिलिओ मात्र अब्दुल्लांचा नव्हता, तो आयर्लंडच्या कूलमोर स्टडचा (स्टड म्हणजे घोड्यांच्या पैदाशीची जागा). दोन्ही घराण्यांत एक व्यवहार ठरलेला होता. जडमाँटने आपल्या निवडक घोड्या कूलमोरच्या घोड्यांकडे पाठवायच्या आणि झालेली शिंगरं दोघांनी वाटून घ्यायची. त्या वाटणीत फ्रँकेल जडमाँटकडे आला. कूलमोरच्या मंडळींना पुढची तीन वर्षं स्वतःच्याच घोड्याच्या पोराकडून मार खाताना काय वाटलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

वंशावळीचा कागद पाहणाऱ्यांसाठी: नॉर्दर्न डान्सर हा कॅनडाचा विख्यात घोडा बापाकडून तिसऱ्या आणि आईकडून चौथ्या पिढीत येतो.

हेन्री सेसिल यांचं नाव एवढ्या आदराने का घेतात?

कारण फ्रँकेल त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या हाती पडला असता तर तो १४ पैकी १४ जिंकला असता का, याबद्दल शंकाच आहे.

सेसिल ब्रिटनचे दहा वेळा चॅम्पियन ट्रेनर. पण २००० नंतर त्यांचा पडता काळ आला. घोडे कमी झाले, मालक सोडून गेले, २००५ च्या हंगामात तर विजयांचा आकडा डझनावर थांबला. २००६ मध्ये पोटाच्या कर्करोगाचं निदान झालं. त्या काळात जे मालक सोबत राहिले त्यांत अब्दुल्ला होते. म्हणून हे शिंगरू न्यूमार्केटच्या वॉरन प्लेस पागेत आलं.

आलं तेव्हा ते काही गुणी बाळ नव्हतं. अंगात ताकद अफाट आणि डोकं गरम. सकाळच्या व्यायामाला सगळ्यांच्या पुढे पळायचं, लगाम ओढला की आणखी जोर लावायचा. अशा घोड्याला मारून-मुटकून सरळ करता येतं, पण मग त्याची धावच मरते. आणि मोकळं सोडलं तर तो शर्यतीच्या निम्म्यातच स्वतःला जाळून घेतो. सेसिल यांनी यातलं काहीच केलं नाही. रोज तोच स्वार, शेन फेदरस्टनहॉ, त्याच्या पाठीवर. पुढे ठरलेला एखादा घोडा, आणि त्याच्या मागे शांतपणे पळायची सवय. चार वर्षांचा झाला तेव्हा फ्रँकेल शर्यतीच्या मध्यापर्यंत निवांत पळत असे आणि सांगितल्यावरच निघत असे. ज्याने त्याच्या २०१० आणि २०१२ च्या शर्यती ओळीने पाहिल्या आहेत त्याला हा बदल डोळ्यांना दिसतो.

सेसिल यांना २०११ मध्ये 'सर' किताब मिळाला. ११ जून २०१३ रोजी, म्हणजे फ्रँकेल निवृत्त झाल्यानंतर आठ महिन्यांच्या आत, ते गेले.

पहिली शर्यत त्याने कशी जिंकली?

१३ ऑगस्ट २०१०, न्यूमार्केट, एक मैल, ओली जमीन. अर्ध्या लेंथने जिंकला. (लेंथ म्हणजे घोड्याच्या एका अंगाची लांबी, अंदाजे अडीच मीटर.) अर्धी लेंथ म्हणजे काही मोठं अंतर नव्हे. पण हरलेला घोडा कोण होता? नॅथॅनिएल. हाही गॅलिलिओचाच मुलगा. त्याने पुढे किंग जॉर्ज आणि एक्लिप्स या ग्रुप १ जिंकल्या आणि निवृत्तीनंतर एनेबल या महान घोडीचा तो बाप झाला. नवख्या घोड्यांच्या एका साध्या शर्यतीत एवढा ऐवज एकत्र धावला, हे त्या दिवशी स्टँडमध्ये बसलेल्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

त्यानंतर डॉनकास्टरला १३ लेंथ, अॅस्कटला रॉयल लॉज शर्यतीत १० लेंथ. वर्षअखेर ड्यूहर्स्ट स्टेक्समध्ये सुरुवातीला धक्का बसला, घोडा बिथरून लगामाशी भांडला, तरी सव्वादोन लेंथने जिंकला.

२०११ च्या टू थाउजंड गिनीजबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण तशी शर्यत त्याआधी कुणी पाहिली नव्हती, आणि सहसा कुणी तशी धावतही नाही.

३० एप्रिल, न्यूमार्केट, सरळ एक मैल, १३ घोडे. तीन वर्षांच्या घोड्यांची ही मोसमातली पहिली क्लासिक, म्हणजे सर्वांत मानाच्या शर्यतींपैकी एक. फ्रँकेलचा भाव १/२, म्हणजे शंभर लावले तर नफा फक्त पन्नास. ठरलं असं होतं, की त्याचाच साथीदार रीराउटेड पुढे वेग लावेल आणि फ्रँकेल त्याच्या मागे राहील. पण दोघांना ट्रॅकच्या वेगवेगळ्या कडांचे गेट मिळाले आणि साथीदाराची सोबत मिळालीच नाही. क्वीलीने मग घोड्याशी भांडत बसण्याऐवजी लगाम सैल सोडला.

निम्म्या अंतरावर फ्रँकेल जवळपास १५ लेंथ पुढे होता. क्लासिकमध्ये, देशातल्या सर्वोत्तम तीन वर्षांच्या घोड्यांपुढे, १५ लेंथ! कॅमेऱ्याला तो आणि बाकीचे एका चौकटीत बसवता येईनात. शेवटच्या दोन फर्लांगांत तो साहजिकच थकला, तरी ६ लेंथने जिंकला. १९४७ च्या ट्यूडर मिन्स्ट्रेलनंतर एवढ्या फरकाने ही शर्यत कुणी जिंकली नव्हती.

माझं मत विचाराल तर ही त्याची सर्वांत थरारक शर्यत, पण सर्वोत्तम नव्हे. इथे घोड्याने ठरवलं आणि जॉकीने ऐकलं. सर्वोत्तम शर्यत पुढच्या वर्षीची.

तो कधी हरता हरता वाचला का?

एकदा. जून २०११, रॉयल अॅस्कट, सेंट जेम्सेस पॅलेस स्टेक्स. साथीदार रीराउटेड फार पुढे निघून गेला होता. त्याला गाठायला क्वीलीने वळणाच्या आधीच घोडा सोडला, अर्ध्या मैलाहून जास्त अंतर बाकी असताना. सरळ पट्ट्यात आला तेव्हा फ्रँकेल बराच पुढे होता, पण पायांतला जोर संपत आलेला, आणि झोफनी नावाचा घोडा मागून झपाट्याने जवळ येऊ लागला. शेवटी पाऊण लेंथ उरली. दोषाचं खापर जॉकीवर फुटलं. टीका काहीशी रास्त होती, पण अशा चुकीनंतरही ग्रुप १ जिंकणारे घोडे किती असतात?

पुढच्याच महिन्यात गुडवुडला ससेक्स स्टेक्समध्ये त्याची गाठ कॅनफर्ड क्लिफ्सशी पडली. तो चार वर्षांचा, लागोपाठ पाच ग्रुप १ जिंकून आलेला. दोघांची झुंज होणार म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले होते. झुंज झालीच नाही. फ्रँकेल सुरुवातीपासून पुढे राहिला आणि ५ लेंथने जिंकला.

मग सर्वोत्तम शर्यत कोणती?

यावर दोन गट आहेत. एक म्हणतो १९ जून २०१२ ची क्वीन अॅन स्टेक्स, दुसरा म्हणतो २२ ऑगस्ट २०१२ ची यॉर्कची जडमाँट इंटरनॅशनल.

क्वीन अॅनमध्ये तो ११ लेंथने जिंकला. ग्रुप १ मध्ये एक मैल अंतरावर ११ लेंथ म्हणजे मागच्याला सत्तावीस-अठ्ठावीस मीटर मागे टाकलं. याच शर्यतीनंतर टाइमफॉर्म या प्रसिद्ध ब्रिटिश प्रकाशनाने त्याला १४७ रेटिंग दिलं. त्यांच्या इतिहासातलं ते सर्वोच्च; आधीचा विक्रम १९६५ च्या सी बर्डचा, १४५.

मी यॉर्कच्या बाजूचा. तोवर फ्रँकेल एका मैलाच्या पुढे कधी धावलाच नव्हता. यॉर्कला अंतर सव्वा मैलाहून थोडं जास्त, सुमारे २०९० मीटर. समोर 'फार' (Farhh) आणि सेंट निकोलस अॅबे या नावांचे तगडे घोडे. फ्रँकेल सुरुवातीला जवळजवळ सर्वांच्या मागे, मान खाली, अगदी निवांत. सरळ पट्ट्यात क्वीलीने त्याला बाहेरून आणलं आणि हात न हलवता तो एकेकाच्या बाजूने पुढे सरकत गेला. आजूबाजूचे जॉकी चाबूक काढून जिवाचं रान करत होते आणि हा स्वार नुसता बसलेला. सात लेंथ. गिनीजमध्ये जो घोडा स्वतःच्याच वेगाच्या आहारी गेला होता त्यानेच सव्वा वर्षात तो वेग खिशात घालून ठेवायला शिकून घेतलं होतं.

त्या दिवशी सेसिल आजारपणातून यॉर्कला आले होते. उपचारांमुळे आवाज पार बसलेला, बोलणं जेमतेम ऐकू येईल इतकंच. विजेत्याच्या जागेवर त्यांच्या नावाने जो जयघोष झाला तो घोड्याच्या जयघोषापेक्षा कमी नव्हता.

एक्सेलेब्रेशन या घोड्याची सगळे कीव का करतात?

कारण तो पाच वेळा फ्रँकेलपुढे उभा राहिला आणि पाचही वेळा हरला: ग्रीनहॅम, सेंट जेम्सेस पॅलेस, क्वीन एलिझाबेथ, लॉकिंज, क्वीन अॅन. पण फ्रँकेल नसलेल्या शर्यतींत त्याने काय केलं ते बघा. फ्रान्समध्ये मूलाँ जिंकली, जॅक ल मारोआ जिंकली. ऑक्टोबर २०१२ मध्ये ज्या दिवशी फ्रँकेल अॅस्कटला शेवटचा धावला त्याच दिवशी त्याच मैदानावर एक्सेलेब्रेशनने क्वीन एलिझाबेथ स्टेक्स तीन लेंथने मारली. फ्रँकेल एक-दोन वर्षं आधी किंवा नंतर जन्मला असता तर एक्सेलेब्रेशनला आपण त्या काळातला मैलाचा राजा म्हणून ओळखलं असतं. फ्रँकेल फक्त लिंबूटिंबूंना हरवत आला, असं म्हणणाऱ्यांना मी या एका घोड्याची कारकीर्द दाखवतो.

डर्बी का नाही? परदेशात का नाही?

हा आक्षेप खरा आहे. फ्रँकेल एप्सम डर्बी (साधारण २४०० मीटर) धावला नाही, आर्क धावला नाही, अमेरिकेत गेला नाही, ब्रिटनबाहेर एकदाही पाऊल टाकलं नाही. गिनीजनंतर डर्बीची चर्चा झाली होती, पण एवढ्या आततायी घोड्याला एप्समच्या चढउतारावर दीड मैल आवरणं अवघड होतं, शिवाय एका दमछाकीच्या शर्यतीत मनानेच खचण्याचा धोका. सेसिल आणि अब्दुल्ला या दोघांनाही धनराशीची किंवा हेडलाइनची घाई नव्हती. मला तो निर्णय पटतो. मात्र 'फ्रँकेल दीड मैल सहज जिंकला असता' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडे पुरावा नाही. पुरावा मिळाला तो त्याच्या पोरांकडून, त्याबद्दल पुढे.

ब्लॅक कॅव्हिअर आणि फ्रँकेल यांची गाठ का घालून दिली नाही?

ऑस्ट्रेलियाची ही घोडी २५ पैकी २५ जिंकली, आणि जून २०१२ मध्ये रॉयल अॅस्कटच्या त्याच आठवड्यात तिथे धावली. पण ती सहा फर्लांगांची स्प्रिंटर, म्हणजे कमी अंतराची, हा मैल आणि पुढचा. गंमत म्हणून तुलना करावी, यापलीकडे त्यात काही नाही.

शेवटची शर्यत कशी झाली?

२० ऑक्टोबर २०१२, अॅस्कट, चॅम्पियन स्टेक्स, दहा फर्लांग. पावसाने जमीन जड. फ्रँकेलला अशी जमीन आवडत नव्हती आणि फ्रान्सच्या सिरुस दे एग्लला तर चिखल म्हणजे पर्वणी. आदल्या वर्षीचा विजेताही तोच. त्यात फ्रँकेल गेटमधून उशिरा निघाला. तरी पावणेदोन लेंथने जिंकला. तिसरा आला नॅथॅनिएल, पहिल्या शर्यतीतला तोच. मालकांनी त्याच दिवशी निवृत्ती जाहीर केली.

१४० आणि १४७ हे दोन आकडे वेगवेगळे का?

१४७ हे टाइमफॉर्मचं, १४० हे जागतिक अधिकृत क्रमवारीतलं. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या. अधिकृत यादीत १४० देऊन फ्रँकेलला पहिला क्रमांक मिळाला, पण त्यासाठी १९८६ च्या डान्सिंग ब्रेव्हचं जुनं १४१ रेटिंग फेरमांडणीत १३८ वर आणलं गेलं. जुन्या आकड्यांत फुगवटा होता हे क्रमवारी ठरवणाऱ्या समितीचं म्हणणं असेलही खरं, पण वेळ नेमकी तीच साधल्याने बोंबाबोंब झाली. योगायोग असा, की डान्सिंग ब्रेव्हसुद्धा खालिद अब्दुल्लांचाच घोडा. २०२२ मध्ये अमेरिकेच्या फ्लाइटलाइनने अधिकृत यादीत १४० ची बरोबरी केली.

निवृत्तीनंतर तो काय करतो?

न्यूमार्केटजवळच्या बॅन्स्टेड मॅनर स्टडवर स्टॅलियन म्हणून राहतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत घोड्या फळवण्याचा हंगाम. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला बंदी आहे. शिंगराची नोंद स्टड बुकात, म्हणजे वंशावळीच्या अधिकृत नोंदवहीत, हवी असेल तर घोडा-घोडीचा प्रत्यक्ष संयोगच झाला पाहिजे. म्हणून जपानची, अमेरिकेची घोडी विमानाने इंग्लंडला आणावी लागते. गर्भकाळ अकरा महिन्यांचा. उत्तर गोलार्धातल्या सगळ्या शिंगरांचा वाढदिवस १ जानेवारी धरतात, त्यामुळे घोडीने जानेवारी-फेब्रुवारीत व्यावं ही सर्वांची धडपड. एप्रिल-मेमध्ये जन्मलेलं शिंगरू दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत आपल्याहून तीन महिन्यांनी मोठ्या घोड्यांबरोबर पळतं.

काही स्टॅलियन वर्षाचा अर्धा काळ ऑस्ट्रेलियाला पाठवतात, कारण तिथला हंगाम उलटा. फ्रँकेलला कधी पाठवलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या वेळापत्रकासाठीच्या घोड्या इंग्लंडलाच येतात.

घोडी फळवण्याची त्याची फी किती?

२०१३ मध्ये सुरुवात १,२५,००० पौंडांवर. २०१८ मध्ये १,७५,०००, २०२२ मध्ये २,००,०००, २०२३ मध्ये २,७५,००० आणि २०२४ मध्ये ३,५०,००० पौंड, म्हणजे पावणेचार कोटी रुपयांच्या घरात. एका घोडीचे. हंगामात शंभरच घोड्या धरल्या तरी साडेतीन कोटी पौंड होतात. तीन वर्षं पळून मिळवलेले तीस लाख पौंड यापुढे किरकोळ वाटतात, आणि चांगले घोडे तीन-चार वर्षांच्या वयातच शर्यतीतून का काढून घेतात याचं उत्तरही इथेच मिळतं.

फीचा आलेखही बघण्यासारखा आहे. बहुतेक नव्या स्टॅलियनांची फी पहिली पिल्लं पळेपर्यंत घसरते, कारण तोवर सगळा भाव नावावर असतो. फ्रँकेलची घसरली नाही, आणि पोरं पळायला लागल्यावर चढतच गेली.

मोठा घोडा मोठा बाप होतोच असं असतं का?

मुळीच नाही. नोबल मिशनचं उदाहरण घ्या. फ्रँकेलचा सख्खा भाऊ, आईबाप तेच. त्याने स्वतः २०१४ ची चॅम्पियन स्टेक्स जिंकली, तीही हेन्री सेसिल यांच्या पत्नी जेन सेसिल यांच्या पागेतून. स्टॅलियन म्हणून अमेरिकेत गेला, कोड ऑफ ऑनरसारखा एक चांगला घोडा दिला, पण भावाच्या जवळपासही पोचला नाही. तेच रक्त, तरी हा फरक. पैदाशीचं गणित कागदावर सोडवता येत असतं तर श्रीमंत माणसं कधी हरलीच नसती.

त्याच्या पोरांपैकी कोण कोण नावाजले?

पहिलं शिंगरू कुंको, आणि मे २०१६ मध्ये न्यूबरीला फ्रँकेलचा पहिला विजेताही तोच. पहिली ग्रुप १ मात्र इंग्लंडमध्ये नाही, जपानमध्ये आली: सोल स्टरिंग या घोडीने डिसेंबर २०१६ मध्ये, आणि २०१७ मध्ये तिने जपानी ओक्सही जिंकली. मग क्रॅक्समन (चॅम्पियन स्टेक्स २०१७ आणि २०१८), अॅनापर्ना (ओक्स २०१९), लॉजिशियन (सेंट लेजर २०१९).

२०२१ हे वर्ष सगळ्यांवर कडी करणारं. अडायर डर्बी आणि किंग जॉर्ज जिंकला, हरिकेन लेन आयरिश डर्बी आणि सेंट लेजर. त्या वर्षी फ्रँकेल ब्रिटन-आयर्लंडचा चॅम्पियन स्टॅलियन ठरला आणि बाप गॅलिलिओची लागोपाठ ११ वर्षांची सद्दी मोडली. गॅलिलिओ त्याच वर्षी जुलैमध्ये मेला. २०२२ मध्ये आल्पिनिस्टाने आर्क जिंकली. २०२३ मध्ये शाल्डियनने गिनीज, सोल सिस्टरने ओक्स, मोस्तहदाफने यॉर्कची ती इंटरनॅशनल, आणि फ्रँकेल पुन्हा चॅम्पियन. जपानच्या मोझू अॅस्कटने तर गवतावरची ग्रुप १ जिंकल्यानंतर मातीच्या ट्रॅकवरचीही जिंकली.

पोरं बापावर गेली आहेत का?

वेगाच्या बाबतीत काही जण. पण त्यांनी सगळ्यांना चकवलं ते अंतरावर. २०१३ मध्ये अनेकांचा अंदाज असा, की मैलाचा घोडा मैलाचीच पोरं देणार. वरची यादी पुन्हा वाचा: डर्बी दीड मैल, ओक्स दीड मैल, आर्क दीड मैल, सेंट लेजर तर पावणेदोन मैलांच्याही वर. बाप ज्या अंतरावर एकदाही धावला नाही त्या अंतरावर पोरांनी घर भरलं. अर्बन सी आणि गॅलिलिओ यांचा दम फ्रँकेलच्या अंगात होताच, आईच्या वेगाखाली दबलेला. सेसिल यांनी चार वर्षांच्या वयात त्याला शांत केलं तेव्हा यॉर्कला त्याची एक झलक दिसली, एवढंच. उतावळा स्वभाव काही पोरांत उतरलाय, पण बहुतेकांत बापाच्या तरुणपणाइतका नाही.

तिसरी पिढीही आली आहे. क्रॅक्समनचा मुलगा एस इम्पॅक्ट याने २०२३ ची आर्क जिंकली. म्हणजे मुलीने एका वर्षी, नातवाने पुढच्या वर्षी.

भारताशी किंवा महाराष्ट्राशी त्याचा काही संबंध?

एक थेट संबंध आहे. फ्रँकेलचा मोतद्दार संदीप गौरवरम हा भारतातून न्यूमार्केटला गेलेला. विजयानंतरच्या फोटोंत घोड्याची दोरी धरून चालणारा तोच. न्यूमार्केटच्या पागांत भारतातून गेलेले स्वार आणि मोतद्दार बरेच आहेत. घोड्याच्या पाठीवर सकाळी कोण असतं हे मालकांच्या फोटोंत दिसत नाही, एवढंच.

बाकी नियम तेच. भारताचं स्टड बुक सांभाळणारी संस्था पुण्यात आहे आणि कृत्रिम रेतनाची बंदी इथेही लागू. महालक्ष्मीची इंडियन डर्बी २४०० मीटरचीच. नॉर्दर्न डान्सरचं रक्त मावळातल्या आणि पुण्याच्या आसपासच्या स्टडांवरही भरपूर आहे, त्यामुळे शर्यतीच्या पुस्तकात वंशावळ वाचताना फ्रँकेलचे लांबचे चुलतभाऊ सापडतील.

त्याच्या शर्यती पाहायच्या असतील तर कुठून सुरुवात करू?

सगळ्या चौदा पाहायला वेळ नसेल तर तीन पुरेत. आधी गिनीज, मग यॉर्क. दोन्हींत पहिल्या चार फर्लांगांत त्याची मान कशी आहे तेवढंच बघा. तिसरी चॅम्पियन स्टेक्स, कारण त्यात त्याच्या बाजूने काहीच नव्हतं. समालोचकांचा आरडाओरडा नको असेल तर आवाज बंद ठेवा.